विहिरीच्या वाटेवरचा नाग

मुंबई, ता. ४ मे १९३५

ती. उमाताईस श्रीपतीचा शि. सा. न. वि. वि.

मी मागितलेली घरच्यांची स्वप्नं तू लिहून पाठवलीस, ती पोचली. ताई, मी थक्कच झालो! आप्पा, सगुणाकाकी आणि बागेतला गडी रघू, तिघांनाही विहिरीच्या वाटेवर आडवा पडलेला पांढरा नाग दिसला! युरोपातले काही मानसशास्त्रज्ञ म्हणतात, की जाणिवेच्या खाली सगळ्या माणसांचं मिळून एक सामायिक मन असतं, पूर्वजांपासून चालत आलेलं. त्याचा पुरावा आपल्याच घरात सापडला. आमच्या मानसशास्त्र मंडळात यावर निबंध वाचणार आहे. आप्पांनाही सविस्तर लिहिलं आहे.

तुझ्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजची तयारी कुठवर आली?

लोभ आहेच, आणखी स्वप्नं पाठवून तो वाढवावा.

तुझा श्रीपती

रत्नागिरी, ता. ९ मे

चि. श्रीपतीस उमाचे अनेक आशीर्वाद.

तयारीचं काय विचारतोस? तुझं पत्र आलं आणि आप्पांनी माझं जाणंच रद्द केलं.

अरे, नाग एकट्या काकीनं पाहिला. सकाळी पेज वाढताना तिनं स्वप्न सांगितलं, तर आप्पा म्हणाले, मलाही असंच काहीसं दिसलं. मग रघूला विचारलं. तो बिचारा आडवा झाला की घोरतो. पण मालक विचारतायत म्हटल्यावर त्यालाही दिसला. आधी काळा, मग आप्पांचा चेहरा बघून पांढरा. आणि मी शहाणी, ते निमूट लिहून तुला पाठवलं.

आता आप्पा येईल त्याला तुझं पत्र वाचून दाखवतात. पूर्वज वाट अडवतायत, मुंबईचं शास्त्रही तेच सांगतं, म्हणतात. देवळात कौल लावला असता तर उजवा मिळण्याची आशा तरी होती. तू तीही ठेवली नाहीस. नवरा गेल्यापासून दहा वर्षं इथे पापड लाटतेय. पंधरा जूनला हजर झाले नाही तर जागा जाईल आणि जन्म पापडातच जाईल. आप्पांना खरं काय ते लिही.

फार रागावले आहे. खोकला कसा आहे?

उमा

मुंबई, ता. १३ मे

ती. ताईस शि. सा. न.

तुझा राग समजतो. पण नुसतं ऐकून आणखी दोघांच्या मनाला तोच नाग पटला, हेही शास्त्राच्या दृष्टीनं महत्त्वाचं नाही का? मंडळाची कार्यक्रमपत्रिका छापून गेली आहे. अठरा जूनला निबंध वाचला, की लगेच आप्पांना लिहितो. तोवर दम धर, माया पातळ करू नकोस.

श्रीपती

रत्नागिरी, ता. १७ मे

चि. श्रीपतीस आशीर्वाद.

तुझा निबंध अठराला, माझी मुदत पंधराला. तुझ्या शास्त्रात एवढी वजाबाकी शिकवत नाहीत वाटतं!

आज मीच आप्पांसमोर उभी राहिले. म्हटलं, मला कुठलाही नाग दिसला नाही. ते चकित होऊन म्हणाले, तुला कोणी विचारलं होतं?

श्रीपती, खरंच, कोणीच विचारलं नव्हतं. तू सगळ्या घराचं मन एक करून मोकळा झालास, पण माझं स्वप्न तूही मागितलं नाहीस.

सोमवारच्या मोटारीनं पुण्याला निघते. जूनपर्यंत मैत्रिणीकडे, हेमाकडे राहीन. लोभ ठेवायचा असेल तर पुण्याच्या पत्त्यावर ठेव.

उमा