अबू रअफतांची गार कॉफी

अम्मान, शनिवार, दुपारच्या चहानंतर

आदरणीय मिस्काल मामा,

तुमच्या भाच्याचा, अताल्लाचा, मनापासून सलाम. मामींच्या हातांना ओठ लावतो, आणि त्याच हातांनी जैतुणाचे तेल पाठवले म्हणून पुन्हा एकदा लावतो. तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत गच्चीवर कबुतरांपाशी बसू नका असे डॉक्टरांनी बजावले आहे आणि तुम्ही बसताच आहात, हे मला इथे बसून कळते (कसे ते विचारू नका, मामींशी उगाच भांडाल). इकडे सगळे ठीक. तुमची भाचेसून इन्साफ बरी, मी बरा. आवाज बसला आहे, पण बसचालकांच्या संघटनेचा चिटणीस आणि गुरुवारी ज्याचा आवाज शाबूत असा माणूस मला दाखवा, मी राजीनामा देतो.

आठवडा कसा गेला ते सांगत नाही. बसमालकांशी बैठक, मग आपल्याच लोकांशी बैठक, मग पहिल्या बैठकीत काय ठरले यावर तिसरी बैठक. म्हणूनच मी ठामपणे म्हणतो की सुट्टी ही मालकाची मेहेरबानी नाही, तो माणसाचा हक्क आहे. आणि त्या हक्काचे माझ्या घरी ठरलेले रूप आहे: शुक्रवारी दुपारी जेवण झाले की खालच्या मजल्यावरचा निमर येतो, शेगडी पेटते, भाजलेल्या बियांची परात मध्ये येते आणि आम्ही जुना काळापांढरा चित्रपट लावतो. शनिवारी टीव्हीवर फुटबॉलचा व्हिडिओ गेम. निमर आठवडाभर औषधांच्या दुकानात उभा असतो, मी व्यासपीठावर. सुट्टीचे हे दोन दिवस आम्ही फक्त बसतो. किती वर्षे झाली, हे कधी चुकले नाही. गेल्या शुक्रवारी चुकले.

झाले असे, की चित्रपटात पाशाने माळ्याच्या मुलाला थोबाडीत मारली. मामा, अशा वेळी मी गप्प बसू? मी चित्रपट थांबवला, उभा राहिलो आणि ती थप्पड एका माणसाची नसून एका वर्गाची आहे, हे निमरला समजावून सांगू लागलो. जमिनीच्या वाटपापर्यंत पोहोचलो होतो. निमर उठला. म्हणाला, “अताल्ला, भल्या माणसा, त्या पोराला एकच बसली. मला दर शुक्रवारी दोन तास बसते!” आणि गेला. जाताना बियांची परात नेली (ती त्याची होती) आणि दुसरा कंट्रोलरही नेला (दुर्दैवाने तोही त्याचाच होता). दुसऱ्या दिवशी मी संगणकाविरुद्ध खेळलो. हरलो त्याचे काही नाही, पण शिव्या द्यायला समोर कोणी नाही, हे काय जगणे झाले?

मग आठवडाभर जिन्यात भेटलो की तो “सलाम” म्हणायचा, मी “सलाम” म्हणायचो, आणि दोघेही खाली बघून चालू लागायचो. खरे सांगतो, हा या शुक्रवारी आला नाही तर पुन्हा कधीच येणार नाही, ही भीती मला बैठकीतसुद्धा सोडत नव्हती.

काल दुपारी घंटी वाजली. मी धावलो. दारात निमर नव्हे, अख्खी जाहा, मागणी घेऊन आलेली मोठ्या माणसांची मंडळी! पुढे आमच्या गल्लीतले निवृत्त मुख्याध्यापक अबू रअफत, इस्त्रीच्या कोटात. मागे न्हावी, मशिदीत बांग देणारे मुअज्जिन, आणि सगळ्यांच्या मागे, सोयरीक जमवायला आलेल्या नवरदेवासारखा मान खाली घालून, निमर. इन्साफने वेलदोड्याची कॉफी आणली. अबू रअफतांनी आपला कप न पिता समोरच्या टेबलावर ठेवला. तुम्ही जन्मभर अशा मंडळींचे पुढारपण केलेत, मी तुम्हाला काय सांगणार? मागणी मान्य होईपर्यंत म्होरक्या कॉफीला ओठ लावत नाही, आणि त्या कपातला घोट घेतला गेला की मागणी मान्य झाली, मग शब्द परत घेता येत नाही.

अबू रअफत खाकरले. “अताल्ला, आम्ही तुझ्या दारी आलोय. मुलगी नाही मागत, जमीन नाही मागत. तुझी जीभ मागतोय. चित्रपट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत.”

मी उभा राहिलो. (मी उभा राहताच न्हाव्याने डोळे मिटले, हे मी पाहिले.) म्हणालो, मंडळी, तुम्ही माझ्या पाहुणचाराचे धनी आहात, हे घर तुमचे आहे, पण बोलणे हा माझा श्वास आहे! जिथे लोक गप्प राहिले तिथे काय काय घडले याचे दाखले दिले. स्पेनमधल्या अंदलुसच्या पाडावापासून सुरुवात केली. इन्साफने गार झालेला कप उचलून गरम ठेवला. मी बगदादपर्यंत आलो, तोही गार झाला. निमर पुटपुटला, “अंदलुसला निघाला तेव्हाच मी म्हणालो, जेवून यायला हवं होतं.” मामा, भाषण रंगात आले होते. शेवटच्या वाक्याआधी मी नेहमी थांबतो, उजवीकडचा पाण्याचा पेला उचलतो, एक घोट घेतो आणि मग घाव घालतो. घसा कोरडा पडला होता. मी थांबलो. उजवीकडे हात नेला. घोट घेतला.

ती कॉफी होती. अबू रअफतांची.

न्हाव्याने डोळे उघडले. मग मुअज्जिन गंभीरपणे म्हणाले, “मुबारक.” न्हाव्याने टाळी वाजवली, इन्साफने स्वयंपाकघरातून लग्नघरासारखी आरोळी दिली, आणि माझे शेवटचे वाक्य, जे फार सुंदर होते, माझ्याच पोटात राहिले.

शब्द तो शब्द. मंडळी गेली, निमर राहिला, परात परत आली. तोच चित्रपट आम्ही पहिल्यापासून लावला आणि मी ओठ मिटून बसलो. एक कबूल करतो. थप्पड मारल्यावर पाशाच्या डोळ्यांत पाणी येते. हा चित्रपट मी कितीदा पाहिला असेल, पण ते पाणी कधी दिसले नव्हते, कारण त्या वेळी मी टीव्हीकडे पाठ करून उभा असतो. आज सकाळी गेममध्ये निमरने मला हरवले, मी पंचाला मनसोक्त शिव्या घातल्या (जाहेने फक्त चित्रपटाबद्दल मागितले होते, मी विचारून घेतले), आणि आता शेगडीपाशी पाय पसरून हे लिहितो आहे. उद्या पुन्हा बसमालक. पण मामा, मी सुखात आहे.

तुमचा,
अताल्ला

ता. क. सुखात आहे, पण एक काम आहे. मोठ्यांनी घेतलेला शब्द मोठ्यांनीच सोडवायचा. तुम्ही इर्बिदहून एक जाहा घेऊन अबू रअफतांच्या घरी याल का? चित्रपट पूर्ण नको, मध्यंतरानंतरचा भाग मोकळा झाला तरी पुरे. आणि तिथे कॉफीचा कप माझ्या उजव्या हाताला ठेवू देऊ नका.

ता. क. दुसरा. निमरही तुमच्या जाहेत यायला तयार आहे. काल तो सारखा विचारत होता, “ही मोलकरीण की पाशाची बहीण? आता का रडते?” आणि मला सांगायची बंदी! शेवटी पाशाच्या वकिलालाच तो नवरा समजून बसला. माझ्याशिवाय त्याला चित्रपट कळत नाही, हे त्याने स्वतः मान्य केले. पण मागणी त्याचीच होती, आता कोणत्या तोंडाने बोलणार?

मामा, हे खालचे मी लिहिते आहे, पाकीट बंद करायला माझ्याकडे दिले म्हणून. जाहा घेऊन जरूर या, निमर बिचारा खरंच गोंधळतो. पण तुमचा गुडघा सांभाळा. थंडी सरू द्या, उन्हाळाही जाऊ द्या. घाई मुळीच नाही. — इन्साफ