मथुरेचा उजळ फोटो

नागपूर, ता. १४ नोव्हेंबर १९६१

चि. कौसल्या हीस देवरावचे अ. आ. आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आपल्या मथुरेसाठी वणीचं स्थळ बाबांच्या मनात भरलं, वाचून बरं वाटलं. मुलगा विठ्ठलराव कोळशाच्या खाणीवर हजेरी कारकून, त्याला सुटी नाही. त्याची आई तुळसाबाई गुडघ्यांनी अधू, मोटारीत बसवत नाही. तेव्हा ते फोटो पाहूनच ठरवणार. मला स्टुडिओचे मालक लग्नसराईत सोडत नाहीत, म्हणून माझा जुना घडीचा कॅमेरा घाटंजीला येणाऱ्या मारोतरावांच्या हाती पाठवतो. तू शाळेत चाळीस पोरं सांभाळतेस, याचे दोन आकडे सांभाळणं त्याहून सोपं.

एक आकडा भिंगाच्या छिद्राचा. इथंच सगळे फसतात. आकडा मोठा तर छिद्र लहान. सोळा म्हणजे सुईचं नेढं, साडेचार म्हणजे सताड उघडं दार. दुसरा आकडा शटरचा. शंभर म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, पंचवीस म्हणजे पंचविसावा. पंचविसावर हात हलला तर चेहरा फिसकटतो, म्हणून कॅमेरा स्टुलावर टेकव. सकाळच्या उन्हात अकरा नि शंभर ठेव. रोलात आठ फोटो निघतात, दोनचार बिघडले तरी घाबरू नको. रोल माझ्याकडे धुवायला पाठव.

बाबांची खोकल्याची बाटली संपली असेल तर कळव. लोभ आहेच, तो कमी पडू देऊ नये.

देवराव


घाटंजी, ता. २ डिसेंबर १९६१

ती. दादास कौसल्याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आठही फोटो मिळाले. मथुरेला पांढरं पातळ नेसवून चुन्याच्या भिंतीशी उभी केली होती. इतका लखलखाट पाहून मी घाबरले आणि आकडा सोळावर नेला. पातळाचा काठ आला, भिंतीचा पोपडा आला, आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग. मथुरा आधी हसली. शाळेच्या फळ्याला पातळ नेसवलं म्हणाली. मग परसात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

दादा, लाजत लिहिते. दारव्ह्याचं आणि आर्णीचं स्थळ तिच्या रंगावरूनच परत गेलं, हे तुला ठाऊक आहे. तिसरं गेलं तर बाबा अंथरूण धरतील. सावळ्या नवऱ्या तुमच्या स्टुडिओत उजळून निघतात, असं तूच एकदा सांगितलं होतंस. आपल्याच बहिणीला काहून नाही?

उत्तराची वाट पाहते. रागावला असशील तरी लिही.

कौसल्या


नागपूर, ता. ९ डिसेंबर १९६१

चि. कौसल्या हीस अ. आ. वि. वि.

रागावलो नाही. तुझी चूक एकच झाली. तू पातळ पाहून आकडा लावलास, तो चेहरा पाहून लावायचा असतो. पांढऱ्याला भिऊन छिद्र लहान केलं की सावळा चेहरा बुडतो. आता तिला भिंतीपासून दूर, कडुनिंबाच्या सावलीत बसव. छिद्र साडेपाच, शटर पन्नास. तेवढ्यात मथुरा आहे तशी येईल, आणि आहे तशी ती मला चांगलीच दिसते.

उजळच हवी असेल तर त्याच सावलीत साडेचार नि पंचवीस ठेव. गरजेहून जास्त उजेड आत जाईल. उरलेलं मी अंधाऱ्या खोलीत करीन. छापताना कागदावर उजेड कमी पाडला की चेहरा गोरा निघतो. परक्यांसाठी मी हे रोज करतो. पण एकदा मथुरेला विचार.

देवराव


घाटंजी, ता. २१ जानेवारी १९६२

ती. दादास सप्रेम जयभीम. वि. वि.

वणीहून होकार आला! तुळसाबाईंनी फोटो शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला म्हणे. लग्न एप्रिलात, इथंच घाटंजीला. तिकडून पाचसहा पुरुष माणसं येतील.

तू उजळून पाठवलेला फोटो वणीला धाडण्याआधी बाबांनी हात लांब करून पाहिला आणि ही कोणाची म्हणून विचारलं. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रणही त्यात दिसत नाही. मथुरेनं तो पाहिला आणि पाट्यावर मसाला वाटायला गेली. तिला आधी विचारायचं राहूनच गेलं. आता विचारून काय करायचं?

लग्नाला दोन दिवस तरी ये.

कौसल्या


घाटंजी, ता. ६ मे १९६२

ती. दादास जयभीम. वि. वि.

मंडपात विठ्ठलराव मान खाली घालून होते, तेव्हाच मला खटकलं होतं. काल त्यांचं कार्ड आलं. बाबांना मीच वाचून दाखवलं. त्यात एवढंच आहे, "फोटोत दाखवलेली मुलगी व प्रत्यक्ष दिलेली मुलगी वेगळी आहे असे आईचे म्हणणे आहे. कृपया खुलासा करावा."

मथुरा घरात शिरली तेव्हा तुळसाबाई फोटो हातात घेऊनच दारात बसल्या होत्या, आणि फोटोतली पोरगी कोठी आहे म्हणून विचारत होत्या. हे मथुरेनं लिहिलं नाही, तिकडून आलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं. बाबा कालपासून कापसाच्या जिनावर कामाला गेले नाहीत. आमच्या घरात लबाडी कधी शिरली नव्हती, एवढंच म्हणतात.

दादा, तो मूळ फोटो, ती निगेटिव्ह, तुझ्याकडेच आहे. ती घेऊन वणीला जा. मुलगी बदलली नाही एवढं तरी त्यांना दाखव.

कौसल्या


नागपूर, ता. २१ मे १९६२

चि. कौसल्या हीस अ. आ. वि. वि.

वणीला जाऊन आलो. जाण्याआधी त्याच निगेटिव्हवरून दुसरा फोटो छापला, या वेळी कागदावर पुरता उजेड पाडून. त्यात मथुरेचा खरा रंग आला, हनुवटीवरचा व्रणही आला. तो नवा फोटो आणि निगेटिव्ह तुळसाबाईंपुढे ठेवली. एकाच माणसाचे दोन रंग कसे निघतात ते समजावलं. बोलताना माझाच आवाज मला चोरट्यासारखा लागत होता.

तुळसाबाईंनी मथुरेची हनुवटी धरून तिचं तोंड दाराकडे, उजेडात वळवलं. फोटो पाहिला, तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग म्हणाल्या, "पोरगी तीच आहे. म्हंजे फसवलं त तुमीच."

मुलगी बदलली नाही एवढं शाबीत करायला मी गेलो होतो. ते शाबीत झालं, आणि त्याबरोबर आपली लबाडीही झाली. विठ्ठलरावांनी हजेरीबुकात ठेवलेला पहिला फोटो काढून माझ्या हातात दिला. जागोजाग बोटं लागून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. हे तुम्ही स्वतः केलं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते पाळीला निघून गेले. मथुरेनं चहा दिला आणि परक्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, प्रवास बरा झाला ना म्हणून.

स्टुडिओत आता कोणी नवरी उजळायला सांगितली की मी दुसऱ्याकडे काम देतो. त्यानं काही भरून निघत नाही.

देवराव


वणी, ता. १७ जून १९६२

ती. ताई अन् ती. दादा, दोघाईले मथुरेचा जयभीम. वि. वि.

तुमी दोघंबी पत्रापत्रात माफी मांगता. मले आता वाचवत नाही. सासूबाई जेवाले वाढतात, बोलत नाहीत. हे खाणीतून येतात, तोंड धुतात, अन् नजर माह्यावर पडली की खाली घालतात. मारत नाहीत. मारलं असतं त मले रागवता आलं असतं.

परवा म्याच त्याईले विचारलं, तुमाले पाह्यजे तरी काय. ते म्हणाले, "तीन महिने मी त्या फोटोशी बोललो. तुह्याशी काय बोलू, मले समजत नाही." मले त्याईचा राग नाही आला. त्याईची एक बाई हरपली अन् तिच्या जागी मी बसली आहो, असं वाटलं. मंग म्या सांगतलं, फोटो तुमाले फसवाले काढला, पण मले कोणी पुसलं नाही. पुसलं असतं त मी नाही म्हटलं असतं.

ताई, यवतमाळच्या दवाखान्यात नर्सबाईचं शिक्षण देतात म्हणे. मी सातवी पास आहो. तेथचा फॉर्म आणून ठेव. ह्याईले सांगतलं. त्याईनं माळ्यावरची ट्रंक खाली काढून देली, अन् तिच्यावरची कोळशाची धूळ फडक्यानं पुसली.

रविवारच्या मोटारीनं येते. बाबाले मी स्वतः सांगीन, तुमी सांगू नका. लोभ असू द्या, पण यापुढं माह्यासाठी काहीबी करायचं त मले पुसून करा.

मथुरा