मिथुनाचं दूध आणि माझं आजारपण

चिरंजीव अविराज यास सणसरहून जयवंता आजीचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद. प्रभूच्या कृपेनं मी ठणठणीत आहे. इतकी, की हे वाचून तुला वाईटच वाटेल. पहाटे उठते, नव्या म्हशीची धार काढते, भाकरी थापते आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढते. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तुझ्या पत्रात तिच्याशिवाय दुसरं काही नव्हतंच.

पत्रावर तू 'फक्त आजीसाठी, गुप्त' असं लिहिलंस म्हणे. बाळा, तुझ्या आजीला अक्षर येत नाही, हे तिकडच्या पावसात वाहून गेलं का? तुझ्या बहिणीनं, प्राचीनं, ते ओसरीवर खणखणीत वाचलं. (हेही तीच लिहून घेतेय.) तुझा बाप वैरण टाकत होता, शेजारची कुशाबाई विरजण मागायला आली होती. 'आजी फार आजारी आहे असं चर्चच्या पाळकांना कळव, म्हणजे ते मला घरी सोडतील', इथवर प्राची आली, तशी कुशाबाई मला निरखून म्हणाली, "जयवंताबाई, जायचा दिवस आधी सांगा तरी. त्या दिवशी मी खुरपायला जायची न्हाय." (तिला विरजण दिलं नाही.)

अरे, तू तिथं सेवा करायला गेलास ना? चौकात पोरांनी तुझा फ्लेक्स लावला, 'अरुणाचलच्या जंगलात सेवेसाठी रवाना', गॉगलसकट. (अजून आहे. त्याच्या सावलीला शेळ्या बसतात.) चर्चमध्ये हार घालून घेतलास, त्या लोकांना अमुक शिकवीन, तमुक देईन. आणि दिलंस काय, तर ठिबकच्या नळ्या! जिथं छपरातनं, झाडातनं, आभाळातनं सारखं ठिबकतंय, तिथं आमचा गडी ठिबक घेऊन गेला. बरं, ती माणसं गुणी. त्यांनी नळी बांधून तिच्यावर कपडे वाळत घातले. (वाळत नाहीत, ती गोष्ट वेगळी.)

मग तुझा चहा. कोरा चहा साहेबांच्या घशाखाली उतरेना. तिथं दूध काढायची रीतच नाही, तिकडची ती रानगाईसारखी मिथुनं जंगलात मोकळी चरतात. तू ज्या म्हातारीच्या घरी राहतोस, तिनं दोन्ही हात हलवून नको नको म्हणून सांगितलं. पण दूधवाल्या गावचं पोरगं ते, ऐकतंय होय? बादली घेऊन एका लेकुरवाळ्या मिथुनामागं गेलास. म्हशीहून दांडगं, अर्धं रानटी जनावर, तूच लिहिलंयस. त्याच्या आचळाला माणसाचा हात कधी लागलेला नाही, आणि तू खाली बसून त्याला पुचकारतोस! एका लाथेत तू ओढ्यात आणि बादली तुझ्या डोक्यावर. (घरी म्हशीच्या धारेला कधी बसला नाहीस, हे मंडळीत सांगू का?)

म्हातारीनं तुला पाठुंगळी घेऊन घरी आणलं. पायाला कसलासा पाला बांधला, आठवड्यात चालायला लागलास. तुझ्या जळवा ती काढते, तुझा भात ती शिजवते, तुला रडू आलं की तीच हसते. मग तिथं सेवा चाललीय ती कुणाची? तिला विचार, तिचा फ्लेक्स कुठल्या चौकात लावलाय.

तेव्हा नीट ऐक. मी आजारी पडणार नाही आणि पाळकांशी खोटं बोलणार नाही. तिला सरपण फोडून दे, पाणी भरून दे, कोरा चहा पी. जायच्या दिवशी ती रडली, तर खुशाल घरी ये.

तुझी, अजून न मेलेली,
जयवंता आजी

ता. क. तो पाला सुकवून पोस्टानं लवकर पाठव. कुशाबाईचा पाय दुखतोय.

ता. क. (प्राचीकडून, आजीला न सांगता) दादा, कुशाबाई काल एसटीमागं पळत गेल्या आणि एसटी पकडली. लाथ आजीला बसलीय, नव्या म्हशीची. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. धार पप्पा काढतात, भाकरी मी थापते, खोड्या तेवढ्या खऱ्या. तुला कळवायचं नाही म्हणून घरात सगळ्यांना शपथ घातलीय. आता पाळकांना खरं सांगून येता येईल तुला.

ता. क. (पुन्हा मीच) मला वाचता येत नाही, पण एका ओळीला इतका वेळ लागत नाही, एवढं कळतं. प्राचीनं वर जे लिहिलंय ते खोटं आहे. येऊ नकोस. आलासच, तर पाला आपल्या दोघांना पुरेल एवढा आण. म्हशीच्या धारेला आता तूच बसायचं आहेस.