ट्यूबच्या पट्ट्यावरचा गायक

आष्टी, मंगळवार संध्याकाळ

आज माझ्या लेकीनं, शुभीनं मोबाईलवर रॉकची गाणी लावली. मी विचारलं, "कोण चिरकतंय गं हे?"

"अण्णा, तुमचाच बँड हाय की!"

दुष्काळात साखर कारखाना बंद पडला, काम गेलं. तेव्हा घरी जळालेल्या पाण्याच्या मोटारींत तांब्याची तार भरताना याच बँडच्या कॅसेटनं मला सावरलं. टेपचा पट्टा तुटलेला, म्हणून सायकलच्या ट्यूबचा कापून बसवला होता. म्हणजे टेप इतकी वर्षं हळू फिरत होता, अन् त्यानं आवाज जाड येत होता? मोटारीचं खराब बेअरिंग रस्त्यावरून नुसत्या आवाजानं ओळखणारा मी, मला कळलं कसं न्हाई?

माझा गायक जाड आवाजाचा, दमलेला. आमच्यासारखाच.

बँड पुण्याला येतोय. शुभी तिकीट काढते म्हणाली, मी हो म्हणालो. पण मला ऐकायचाय तो तर ट्यूबच्या पट्ट्यावर गातो.