विमलची गोधडी आणि दिव्याची मुलगी

८ जानेवारी, गुरुवार
बाळकुम. स. ६ वा. वंदना. पंचशील म्हणताना चौथ्या शीलावर, असत्य न बोलण्याच्या, आज पुन्हा अडखळलो. विमलला जाऊन दोन महिने पूर्ण. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एकदाच खोटे सांगितले. ते दुरुस्त करायचे राहून गेले.

चहाच्या वेळी शेजारचे नाडकर्णी आले. 'हसऱ्या कंपाउंडर'च्या खटल्याचा निकाल १९ तारखेला, कल्याणला. "गायकवाडसाहेब, ग्रुपवर मतदान ठेवलंय. फाशी की जन्मठेप? तुमचंच मत राहिलंय." तीन स्त्रियांना औषध पाजून मारले, त्यावर मतदान. मी मत दिले नाही. "वहिनी असत्या तर पहिलं मत त्यांचं," नाडकर्णी म्हणाले. हे मात्र नाकारता येत नाही.

११ जाने., रविवार
वि.ला अशी प्रकरणे फार लागत. मला ते कधी रुचले नाही. तरी रोज सकाळी ती भाजी निवडत बसे आणि मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. "तुमच्या आवाजात खुनीसुद्धा हेडक्लार्क वाटतो हो!" त्या कंपाउंडरचे सदरे, त्याचे हसणे, तुरुंगात त्याला येणारी पत्रे, सारे सविस्तर छापले जाई. तिसरी मृत स्त्री दिवा गावची. तिला सहा वर्षांची मुलगी आहे, एवढी ओळ एकदाच आली होती. खटल्याची बातमी आली की वि. विचारी, "त्या पोरीचं काय झालं? वाचा ना पुढे." पुढे काही नसे.

वि.चे डायलिसिस सुरू झाल्यावर तो प्रश्न मला ऐकवेना. एके सकाळी, छापलेलेच आहे अशा स्वरात, मी वाचले: मुलगी आजीकडे सुखरूप असून नियमित शाळेत जाते.

"हां," ती म्हणाली. "आता बरं वाटलं."

दुसऱ्याच दिवशी तिने कपाटातून जुन्या साड्या काढल्या.

१४ जाने., बुधवार
गोधडी पलंगावर पसरून पाहिली. मापाने मोठी. "पोरगी वाढणार ना, मग?" असे म्हणाली होती. तीन कडा तिच्या हातच्या, चौथी आमच्या लेकीने, सुजाताने, पूर्ण केली. वि.ने बजावले होते, "दिव्याला त्या आजीकडे तुम्ही स्वतः जायचं. कुरिअर नको." मी हो म्हटले होते. दुसरे काय म्हणणार होतो?

सुजाताला फोनवर खरे सांगून टाकले. "बाबा, तुम्ही? खोटं?" ती हसू लागली. मग म्हणाली, "पण मग आता देणार कोणाला?"

१९ जाने., सोमवार
कल्याण, न्यायालय. जन्मठेप.

आवारात जत्रा. मोबाइल उंच धरून पोरे ओरडत होती, "ए भाई, एकदा हस ना!" चांगल्या घरची वाटणारी एक बाई मला म्हणाली, "दिसला का हो तुम्हाला?" तेव्हा लक्षात आले की मीही टाचा उंचावून उभा आहे. हे लिहून ठेवणे भाग आहे.

आरोपीची गाडी गेली, गर्दी तिच्यामागे गेली. बाकावर एक वृद्ध बाई तेवढ्या उरल्या. हवालदार म्हणाला, "दिव्याच्या मयताची आई. एक तारीख चुकवली नाही बघा." मी जाऊन नमस्कार केला.

"कुठल्या च्यानलचे?"

"कुठल्याच नाही. आपल्याकडे काही द्यायचे आहे."

"मंग या दिव्याला. टँकर उभा ऱ्हातो तिथं विचारा. आता सगळेच घर दावतात. तेवढं नाव झालंय आमचं."

२२ जाने., गुरुवार
दिवा. टँकरपाशी भेटलेल्या पहिल्यालाच विचारले. "खूनवालं घर ना काका? तिसरा माळा."

आजीने, इंदूबाईंनी, दार अर्धेच उघडले. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळे सांगितले: वर्तमानपत्र, खोटी ओळ, गोधडी. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पोरगी माझ्याकडं न्हाई. मी चार घरची धुणीभांडी करते, तिला कोण बघंल? वसतिगृहात ठिवलीय. शाळेत जाती, तेवढं खरं हाय तुमचं."

आजीकडे नाही. सुखरूप, ठाऊक नाही.

गोधडी घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. "लोकं खाऊ घिऊन येत्यात, पोरीसंगं फोटो काढत्यात, जात्यात. मंग ती आठ-आठ दिस बोलत न्हाई." मी पिशवी उचलली. आग्रह करण्याचा मला अधिकार नव्हता.

पिशवीतून बाहेर आलेला काठ त्यांनी बोटांत धरला. "टाका बारीक हाय. कशी व्हती तुमची बाई?"

त्यानंतर तास-दीड तास मी बोलत होतो. आत कधी बसलो, चहा कधी झाला, स्मरत नाही. वि.विषयी इतके मी कोणाशीच बोललो नव्हतो. दोन महिने भेटायला येणारे सर्व जण डायलिसिसचेच विचारत. मध्येच इंदूबाई म्हणाल्या, "पोरीचं तोंड बघितलं न्हाई, आन् शिवत बसली?" आणि पदर डोळ्यांना लावला.

निघताना: "रविवारी भेटीचा दिस हाय. माझ्यासंगं चला. फोटो न्हाई. पोरीलाच इचारू. नगं म्हणली तर गपगुमान परत न्यायची. चालंल?"

"चालेल."

२५ जाने., रविवार
स. ७. इस्त्रीचा सदरा. गोधडी स्वच्छ पिशवीत. मोबाइल घरीच ठेवणार. ९ वा. इंदूबाई स्थानकावर भेटतील.

मुलगी 'नको' म्हणेल, हे शक्य आहे. तसे झाल्यास वि.ला काय सांगायचे, याचा विचार पहाटेपासून—

सुजाताचा आत्ताच फोन. "बाबा, तिला हाक काय मारणार?"

त्या कंपाउंडरचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, गाव, शाळा, त्याला आवडणारी भाजी, सारे मला मुखोद्गत आहे. मुलीचे नाव मी विचारलेच नाही.