आधी धुऱ्याचं विचारा

बाबा, तुमचा मला राग आला होता त्या दिवसाचं सांगतो. महाराष्ट्र नवा नवा झालेला, मोताळ्याजवळच्या आपल्या गावात तुम्ही पोलीस पाटील, आणि मी फौजेतून पहिल्या सुट्टीवर. एक जण धापा टाकत ओसरीवर येतो. शेजाऱ्यानं कडब्याची गंजी पेटवली म्हणतो. मी तर उठलोच, चला, धरून आणू! तुम्ही मात्र ढिम्म. "आधी पानी पे. मंग सांग, तुया अन् त्याच्या वावराचा धुरा एकच हाये ना बे?" तो भडकला, "पाटील, मी आगीचं सांगून राह्यलो, तुम्ही धुऱ्याचं काऊन इचारता?" संध्याकाळी कळलं, धुऱ्याचं म्हणजे बांधाचं भांडण जुनं होतं आणि गंजी तक्रार घेऊन आलेल्याच्याच विडीनं पेटली होती. मग माझी पाळी. "तुले लय घाई हाये. फौजेत असाच धावशील तं एखाद्याचं घर बुडवशील." चारचौघांत बोललात, फार लागलं.

पुढे मला हेरखात्याच्या शिक्षणाला घातलं. नकाशे शिकवले, माग काढायला शिकवलं. ज्या लढाईत शत्रूच्या अंगावर वर्दी नसते, तिथे माणूस ओळखायचा कसा, यावर मात्र साहेबही घुटमळायचे. मग पूर्वेकडच्या डोंगरात एक खबऱ्या आला. अमका माणूस बंदूकवाल्यांना जेवू घालतो म्हणाला. तुकडी निघायच्या तयारीत. त्या माणसाला धरलं असतं तर तो धड परत आला नसता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी खबऱ्यापुढे पाणी ठेवलं आणि दुभाष्याकरवी विचारलं, तुमची शेतं लागून आहेत का? कॅप्टन खेकसले, "शेतीचं काय लावलंय इथे?" पण खबऱ्याची मान खाली गेली. ओढ्याच्या पाण्यावरून दोघांचं हाडवैर होतं. चौकशी झाली, माणूस निर्दोष निघाला. बाबा, तो तुमच्यामुळे जगला. त्या दिवशी तुमचे पाय धरावेसे वाटले हो.

नंतर शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली. नव्या पोरांना पहिल्याच तासाला सांगायचो, खबर घेण्याआधी खबऱ्याचं वैर विचारा. ती हसायची. मी तुमच्यासारखाच ओरडायचो.

तुम्हाला यातलं काहीच सांगता आलं नाही. हुकूमच तसा होता. पोरगा फौजेच्या कोठारात गहू-तांदूळ मोजतो, असं तुम्ही गावभर सांगत राहिलात आणि तेच खरं मानून जग सोडलंत. हे पत्र तुम्ही हयात असतात तरी टपालात टाकता आलं नसतं. गावात कुणी विचारलं तर मी अजूनही कोठारच सांगतो. तुम्हाला मात्र खरं सांगायचं होतं.