हिमवंत, सागरिका आणि नळाची चावी

गुरुवार, ३ फेब्रुवारी १९८३. सकाळी नऊ.

आजपासून रोज पहाटे पाचला उठणे. (आज उशीर झाला, पण निश्चय उठल्यावरच करता येतो.)

हेडमास्तर येऊन गेले. पुढच्या महिन्यात दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद आहे, त्यानिमित्त नववीच्या मुलांकडून परराष्ट्र धोरणातला एक पेचप्रसंग करून घ्यायचा. नाटक नव्हे. संवाद पाठ नाहीत. मुलेच पंतप्रधान, मुलेच परराष्ट्रमंत्री. पेच आपण द्यायचा, निर्णय त्यांनी घ्यायचे. हे कुठल्याशा शिबिरात पाहून आले. या विषयातला जाणकार म्हणून माझे नाव पुढे आले म्हणे. कोणी सुचवले ते सांगेनात. आमची पद्मजा नववीतच आहे, पण तिचा संबंध नसावा.

संपादक तात्यांच्या कानावर घातले. म्हणाले, "करा की. शेवटच्या दिवशी मी पण येतो. परराष्ट्राचा साप्ताहिक कोपरा कुणाला तरी द्यायचाच आहे." म्हणजे कोपरा मिळाल्यातच जमा. तात्यांच्या दैनिकात मी इतकी वर्षे गुळाचे भाव देतो आहे. ज्याला गुळाची चढउतार कळते त्याला राष्ट्रांची कळणार नाही की काय?

दादाला कळेलच.

शनिवार, ५ फेब्रुवारी.

पाचला उठलो नाही. थंडी.

दादाविषयी लिहिणार नव्हतो, परंतु नोंद असावी. दादा म्हणजे माझे थोरले बंधू नृसिंहराव, बँकेतून निवृत्त, भिंतीपलीकडे राहतात. संक्रांतीआधी एका बारशात चारचौघांत माझी ओळख करून दिली: "हा आमचा धाकटा, वासू. पेपरात गुळाचे भाव देतो." हशा झाला. मी लाडू खाली ठेवला. (नंतर खाल्ला. अन्नाशी वैर नाही.)

म्युनिसिपालटीचा नळ आधी आमच्या अंगणात येतो, मग दादाकडे जातो. मधे चावी आहे. त्या दिवसापासून मी ती बंद ठेवतो; रात्री निजताना तपासतो. पाणी पहाटे येते आणि सहाला जाते, त्यामुळे दिवसा वेगळे काही करावे लागत नाही. हा सूड नव्हे. हा मर्यादित दबाव आहे. दादाने माफी मागितली की उघडीन. सौ. नंदिनीला स्पष्ट बजावले आहे. ती "बरं" म्हणाली. तिचा पाठिंबा आहे.

मंगळवार, ८ फेब्रुवारी.

पेच तयार केला. दोन राष्ट्रे: वर हिमवंत, खाली सागरिका. मधून शुभ्रा नदी. हिमवंताने धरण बांधून शुभ्रेचे पाणी तोडले आहे. सागरिका तहानेने व्याकूळ. आता काय होणार? खलिते, इशारे, राजदूतांची हकालपट्टी, सैन्याची जमवाजमव आणि अगदी ऐन क्षणी जागतिक सचिवालयाची मध्यस्थी. सचिवालय म्हणजे मी.

कल्पना कुठून सुचली असे नंदिनीने विचारले. म्हटले, प्रतिभा. ती अंगणाकडे बघत होती.

दादा आज दाराशी दिसला. धोतर पांढरे स्वच्छ. बहुधा पंचगंगेवर जात असावा. या वयात, या थंडीत. दबाव लागू पडतो आहे.

गुरुवार, १७ फेब्रुवारी. संध्याकाळ.

आज पहिली तालीम. थोडक्यात लिहितो, कारण ती थोडक्यातच झाली.

हिमवंताचा पंतप्रधान कृष्णात. सांगरूळकडचा शेतकऱ्याचा मुलगा, आवाज असा की खडू ठेवलेला डबा वाजतो. सागरिकेची पंतप्रधान पद्मजा. तिचा परराष्ट्रमंत्री बाळासो. धरणाचे संकट वाचून दाखवले. बाळासोने कडक इशारा घेऊन हिमवंतात, म्हणजे नववी 'ब'च्या रिकाम्या वर्गात, जायचे होते. गेला. मी दारातून निरीक्षण केले.

कृष्णात म्हणाला, "बसा की पावणं. उभ्यानं काय भांडताय?"

बाळासो बसला. इथेच सागरिकेचे धोरण कोसळले. कृष्णातने आईने दिलेला भडंगाचा डबा काढला. परराष्ट्रमंत्र्याने मूठभर घेतले. मग कृष्णातने विचारले, तुमच्या गल्लीत ते अमुक तमुक कोण? बाळासो म्हणाला, आमचे चुलते. कृष्णात उडालाच. "आरं, मग आमची धाकटी आत्या तुमच्याच भावकीत दिलीया की! वर्षभर एका बाकावर बसतोय, आणि कुणी इचारलंच न्हाय?"

मी लेखी इशारा वाचण्याची खूण केली. बाळासोने तो भडंगाखाली अंथरला होता.

कृष्णात मंत्रिमंडळाकडे वळून म्हणाला, "पावण्याचं पानी कसं तोडायचं? आत्या म्हायेराला यायची न्हाय." मंत्रिमंडळ म्हणाले, खरं हाय. धरण उघडले. एकूण वेळ, पेच वाचायला लागला त्याहून कमी.

पद्मजाला घरी विचारले, अशाने तुम्ही काय शिकलात? म्हणाली, भडंगात लसूण जास्त होता.

सोमवार, २१ फेब्रुवारी.

चिंतन केले. दोष मुलांचा नाही, कोल्हापूरचा आहे. इथे शत्रूलाही जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. आणि जेवला की तो शत्रू राहत नाही. असे असेल तर जगात परराष्ट्र खाते चालायचे कसे?

उपाय: शनिवारच्या शेवटच्या फेरीत खाद्यपदार्थांना बंदी. नातेवाइकांची चौकशी करण्यास बंदी. शिवाय साम, दाम, दंड संपले की भेद उरतो. तात्या येणार आहेत. त्यांच्यापुढे दहा मिनिटांत शांतता झाली तर कोपरा गेला. सचिवालयाला गरजेपुरता बिघाड करावा लागेल. व्यापक शांततेसाठीच.

पाचला उठणार होतो. नंदिनी म्हणते, हाक मारली. मला स्मरत नाही.

दादाची अबोली भरगच्च फुलली आहे. नदीवरून बादल्या आणत असावा. हट्टी माणूस.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी.

सर्व तयार. दोन गुप्त चिठ्ठ्या लिहिल्या. एक सागरिकेकडून हिमवंताला: "तुमचे पंतप्रधान वृषभबुद्धी असून त्यांचे शौर्य केवळ जिह्वाग्री वसते." दुसरी हिमवंताकडून सागरिकेला: "कूपमंडूकांच्या परिषदेशी बोलणे आमच्या प्रतिष्ठेस शोभत नाही." आठवीपासून संस्कृत केले ते आज कारणी लागले. अशा शब्दांनी पूर्वी राज्ये बुडाली आहेत.

पद्मजा म्हणाली, दादाकाकांनाही बोलावलंय. मी म्हटले, येऊ दे. पाहू दे.

शनिवार, २६ फेब्रुवारी. दुपार.

झाले ते कसे झाले याविषयी दोन मते असू शकतात.

तात्या पहिल्या बाकावर. शेजारी दादा, इस्त्रीचा कोट. आरंभ उत्तम. कृष्णातने धरण बंद केले. पद्मजा, सागरिकेची पंतप्रधान, उभी राहून म्हणाली, "पाणी अडवणाऱ्याला वाटतं, समोरचा तहानेनं मरतोय. समोरचा दुसरीकडून भरून घेतो, आणि अडवणारा मात्र चावी धरून बसतो." दादाला खोकला आला. मुद्दा बरा होता; कुठे ऐकला कोण जाणे.

मग मी शिपाई पिराजीच्या हाती दोन्ही चिठ्ठ्या धाडल्या. हिमवंतात शांतता. सागरिकेत शांतता. मी तात्यांना नजरेने सुचवले, की आता बघा.

कृष्णात चिठ्ठी घेऊन सरळ सागरिकेत गेला. "बाळासो, ही शिवी तू दिलीस?"

बाळासोने वाचली. "शिवी हाय व्हय ही? मला वाटलं मंगलाष्टक हाय."

"तेच की! आमच्यात कुणाला येवढी सोवळ्यातली शिवी येत न्हाय. शिवी दिल्यावर कळाय तर पायजे, की शिवी दिलीया."

मग त्यांनी पिराजीला विचारले. राजदूतांना असलेले संरक्षण पिराजीला ठाऊक नसावे. म्हणाला, "सरांनीच लिवली की. दोन्ही बी. काल हितंच शाई वाळवत हुते."

दोन्ही मंत्रिमंडळांची संयुक्त बैठक बसली. हिमवंत आणि सागरिका यांचा इतिहासातील पहिला एकमुखी ठराव झाला: पेचाचे मूळ जागतिक सचिवालय आहे, सबब सचिवालय बरखास्त. कृष्णात मला म्हणाला, "सर, राग मानू नगा, पर घंटा होईस्तोवर भाईर बसा." बाकाची व्यवस्था केली. भडंगही पाठवले. (बंदी होती.)

मी व्हरांड्यात बसून होतो. आतून टाळ्या. तात्यांचे हसणे मला भिंतीतूनही ओळखू येते.

हेडमास्तर म्हणाले, कार्यक्रम अपेक्षेपेक्षा यशस्वी. मीही तेच म्हणतो. दोन राष्ट्रांना एकत्र आणणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

रविवार, २७ फेब्रुवारी. पहाट.

आज पाचला उठलो! झोपच लागली नव्हती, पण तो तपशील.

साडेपाच वाजून गेल्यावर अंगणात आलो. नळाची चावी उघडी. नंदिनी घागर भरत होती, भिंतीपलीकडे दादाच्या बादलीत धार पडत होती. दादा आमच्या ओट्यावर बसून माझा पेपर वाचत होता. हातात आमच्या घरचा चहा.

मला पाहून म्हणाला, "वासू? उठलास? बरं वाटत नाही का?"

मी नंदिनीला विचारले, हे केव्हापासून? ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. रोज साडेपाचला चावी उघडते, दादांचा चहा होतो, तुम्ही उठायच्या आत पुन्हा बंद करते. "तुम्हाला बंद लागते ना, म्हणून."

तिने माझ्याही हाती चहा दिला. दादा म्हणाला, काल छान केलंस, मुलं फार खूश होती. हेडमास्तरांना तुझं नाव मीच सांगितलं होतं. म्हटलं, गुळाचे भाव इतके अचूक देतो, जगाचं पण जमेल त्याला.

मी बराच वेळ चहाला फुंकर घालत बसलो. चहा केव्हाच निवला होता.

माफीची मागणी तूर्त स्थगित.

मंगळवार, १ मार्च.

तात्यांकडे गेलो. परराष्ट्राचा कोपरा ते मुंबईहून येणाऱ्या मजकुरातून भरणार आहेत. तो वेळेवर येतो आणि चिठ्ठ्या लिहीत नाही. पण म्हणाले, "वासुदेवराव, पाण्यावर तुमची पकड आहे हो. घरातलंच उदाहरण! दादा सगळं सांगत होते." गुळाच्या भावाखाली नवीन चौकट: कुठल्या पेठेत पाणी किती वाजता. रोज. माहिती म्युनिसिपालटीत पहाटे मिळते.

नकार द्यायचे ठरवून गेलो होतो. हो म्हणून आलो. चौकट कोपऱ्यातच आहे.

सोमवार, ७ मार्च.

पाचला उठलो. आता उठावेच लागते.

आज दिल्लीत परिषद सुरू. शंभरावर राष्ट्रे, त्यांचे सगळे पेच. मी लिहिले: आमच्या बाजूला उद्या पाणी एक तास आधी, साडेचारला येईल आणि लवकर जाईल, नागरिकांनी नोंद घ्यावी. वाक्य दोनदा तपासले. निर्दोष आहे.

पेपर उद्या निघेल तोवर पाणी येऊन गेलेले असेल, म्हणून दादाला आजच सांगायला भिंतीपाशी गेलो. हाक मारली. दादा म्हणाला, माहीत आहे; नंदिनी सकाळीच सांगून गेली.